‘चौकात हात तोडू’ म्हणणारा उमेदवार कसा पारखायचा

आमच्याकडं निवडणूक लागली की पारावरची सभा संध्याकाळी सातच्या पुढंच सुरू होते. माणसं कापूस वेचून, जनावरांचं दूधपाणी उरकून येतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका सभेत मी किराणा दुकानाच्या ओट्यावर बसून ऐकत होते. उमेदवार तरणा होता, बोलण्यात जोर होता. रस्ता झाला, पीकविमा झाला, आणि मग आवाज चढवून तो म्हणाला, “धर्माला हात लावणाऱ्याचे हात चौकात तोडले जातील. हा देवाचा कायदा आहे, कोर्टाचा नाही.” टाळ्या पडल्या. शेजारी बसलेल्या तात्यांनीही वाजवल्या. सत्तरीचा माणूस, उभ्या आयुष्यात कुणाला अरेतुरे केलेलं नाही. मी वळून बघितलं तसं म्हणाले, “बरोबरच म्हणायलाय की वकीलताई. तुमच्या कोर्टात निकाल लागस्तोवर माणूस मरून जायलाय.”

तात्यांचा राग खरा आहे. मी सव्वीस वर्षं अंबाजोगाईच्या कोर्टात फौजदारीची कामं बघते, तारखांवर तारखा पडताना रोज बघते. आणि माझं घर माळकऱ्यांचं आहे. नाथषष्ठीला पैठणला जाणं मी चुकवत नाही. तेव्हा हे लिहिणं कुणाच्या श्रद्धेच्या विरोधात आहे असं धरून वाचू नका. उमेदवार कपाळाला बुक्का लावतो की दर्ग्यावर चादर चढवतो की चर्चमध्ये गुडघे टेकतो, यावर त्याला पारखायचं काही कारण नाही. त्याला धर्माच्या नावानं शिक्षेचा अधिकार हवा असेल, तर मात्र त्याला पारखलंच पाहिजे. ते कसं करायचं, ते माझ्या अनुभवातून सांगते.

सभेत सगळ्यांचे कान शिक्षेकडं लागतात. हात तोडू, फासावर लटकवू, धिंड काढू. तुम्ही तुमचा कान त्याच्या आधीच्या गोष्टीकडं लावा. गुन्हा कुणी केला हे ठरवणार कोण, आणि कसं? शिक्षेचा मुद्दा त्याच्या नंतर येतो.

हे मला शिकवलं ते एका एकोणीस वर्षांच्या पोरानं. केज तालुक्यातलं गाव, नाव सांगत नाही. देवीचा चांदीचा मुखवटा रात्रीतून गेला. हा पोरगा मांडववाल्याकडं कामाला होता आणि त्या रात्री सभामंडपात झोपला होता. एवढाच पुरावा. सकाळी लोकांनी त्याला लिंबाच्या झाडाला बांधलं आणि अर्धं डोकं भादरलं. त्या भागातला एक इच्छुक उमेदवार जीप घेऊन आला आणि पारावर उभा राहून म्हणाला, “देवाच्या चोराला कोर्ट कशाला?” तेवढ्यात पोलीस पोचले म्हणून पोरगा वाचला. दुसऱ्या दिवशी त्याला मॅजिस्ट्रेटपुढं आणलं तेव्हा त्याच्या आईनं त्याच्या डोक्याला टॉवेल गुंडाळलेला होता. शिपाई म्हणाला, “टॉवेल काढा.” ती माउली काढू देईना. शेवटी मॅडमनीच सांगितलं, “राहू द्या.” सात आठवड्यांनी मुखवटा दुसऱ्या तालुक्यातल्या एका सोनाराकडं सापडला. विकणारा भलताच निघाला. पोरगा सुटला, पुण्याला कंपनीत लागला. त्याची आई दर जत्रेला देवीला नैवेद्य आणते. तो अजून एकदाही आलेला नाही.

त्या दिवशी हात तोडला असता, तर मुखवटा सापडल्यावर काय जोडलं असतं?

आता कामाचं बोलू.

वाक्यातला कर्ता शोधा

सभेला जाताना वही-पेन न्या किंवा मोबाइलवर आवाज टेप करा. वाक्य जसंच्या तसं लिहा, खाली तारीख, वेळ, गाव. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यावर मत बनवू नका. आधीचं-नंतरचं कापून माणसाच्या तोंडी काहीही घालता येतं. पूर्ण भाषण मिळवा.

मग शाळेत मराठीच्या बाई विचारायच्या तसं विचारा: यातला कर्ता कोण? “आम्ही विधानसभेत कायदा बदलण्याचा प्रयत्न करू,” असं तो म्हणाला, तर ते तुम्हाला पटो न पटो, ते राजकारण आहे. वाद घालता येतो, मत देता किंवा नाकारता येतं. “मी सत्तेत आलो की त्यांची घरं पाडीन,” असं म्हणाला, तर कर्ता तो स्वतः आहे, म्हणजे न्यायाधीशही तोच व्हायला निघालाय. सर्वोच्च न्यायालयानं १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात हेच सांगितलंय: कुणी आरोपी आहे, अगदी दोषी ठरलाय म्हणूनसुद्धा शासनाला त्याचं घर पाडता येत नाही, आणि बेकायदा बांधकाम असलं तरी आधी पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागते. “जनताच फैसला करील,” असं म्हणाला तर सावध व्हा. ती हाक जमावाला असते. पाच किंवा जास्त जणांनी मिळून जात, समाज, भाषा, वैयक्तिक श्रद्धा अशा कारणावरून कुणाचा जीव घेतला, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम १०३ (२) खाली त्यातल्या प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप आहे. हाक देणारा जीपमध्ये बसून निघून जातो, खटल्यात गावची पोरं अडकतात. मी अशा पोरांचे जामीन अर्ज लिहिलेत.

सगळ्यात फसवं वाक्य म्हणजे ज्यात कर्ताच नसतो. “हात तोडले जातील.” कोण तोडणार? तिथंच बोट ठेवा.

अजून एक खूण. ‘पाप’ आणि ‘गुन्हा’ हे दोन शब्द तो एकमेकांच्या जागी वापरतो का, बघा. पाप म्हणजे काय, हे सांगायला महाराज आहेत, मौलाना आहेत, फादर आहेत. गुन्हा मात्र फक्त तोच, जो आधीपासून कायद्यात लिहिलेला आहे.

तो कशाला उभा आहे?

जिल्हा परिषदेला किंवा पंचायत समितीला उभा असलेला माणूस शिक्षेच्या गोष्टी करत असेल, तर त्याला सरळ विचारा की भाऊ, हे तुमच्या हातात येतंच कुठं? फौजदारी कायदा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत समवर्ती सूचीत आहे. त्यावर संसद कायदा करते आणि विधानसभाही करू शकते, पण राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याशी भिडला तर राष्ट्रपतींची मंजुरी लागते. आपल्या राज्याचं ‘शक्ती’ विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, काही गुन्ह्यांना फाशीची तरतूदही त्यात होती. पण ती मंजुरी मिळाली नाही आणि कायदा झाला नाही. झेडपीच्या सदस्याचं तर बोलायलाच नको.

सभेत काय विचारायचं

भांडायला उठू नका. हात वर करा, नाव-गाव सांगा आणि एकच प्रश्न विचारा. दोन विचारले की ते सोप्याचं उत्तर देतात आणि अवघड विसरतात. नमुने देते, त्यातला परिस्थितीला जुळेल तो घ्या.

“साहेब, तुम्ही म्हणता त्या शिक्षेआधी आरोपीला वकील मिळणार का?” हा माझा आवडता. उत्तर ‘हो’ आलं तर मग तो कोर्टाचीच वाट चालतोय. ‘नाही’ आलं, तर गावाला कळू द्या.

“ही शिक्षा आपल्या देशात चालते का?” फटक्यांची शिक्षा आपण १९५५ साली कायद्यानंच रद्द केली. जाहीर फाशीचा आदेश राजस्थानच्या उच्च न्यायालयानं एका खटल्यात दिला होता. सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्ये तो अडवला आणि गुन्हा रानटी असला तरी शिक्षा रानटी देता येत नाही, असा निर्वाळा दिला. अमुक गुन्ह्याला फाशी म्हणजे फाशीच, न्यायाधीशाला दुसरा पर्यायच नाही, अशी जुन्या दंडसंहितेतली तरतूद १९८३ मध्ये घटनाबाह्य ठरली. आणि एखाद्या घडलेल्या प्रकरणाचं नाव घेऊन “नवा कायदा आणून त्याला लटकवतो” असं कुणी म्हणालं, तर घटनेचं कलम २० वाचून दाखवा. गुन्हा घडला त्या दिवशी कायद्यात जी शिक्षा होती, त्याहून जास्त देता येत नाही. म्हणजे ते आश्वासन देणाऱ्याला पाळताच येणार नाही.

“देवाचा कायदा म्हणता, तर ग्रंथ कोणता आणि त्याचा अर्थ लावणार कोण?” या प्रश्नावर जरा थांबते, कारण मराठवाड्यातल्या माणसाला याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. पैठण ही धर्मनिर्णयाची पेठ होती. ज्ञानोबांचे वडील विठ्ठलपंत आपेगावचे. संन्यास घेऊन ते गुरूंच्या सांगण्यावरून परत संसारात आले, हा त्यांचा अपराध. परंपरा सांगते की धर्मशास्त्र्यांनी त्यांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, आणि नवराबायको दोघांनी ते घेतलं. लेकरांना जात परत मिळेल, या आशेनं घेतलं. ते झाल्यावरही चार लेकरांना शुद्धिपत्रासाठी पैठणला चालत यावं लागलं. मी लहान असताना कीर्तनात ही कथा ऐकली की आई डोळे पुसायची. वकिली करायला लागल्यावर मला त्यातलं वेगळंच टोचायला लागलं. त्या सभेत विठ्ठलपंतांच्या बाजूनं बोलायला कुणी उभं नव्हतं. त्यांनी कुणाचं काय बिघडवलं, हे कुणी विचारलं नाही. पोथीत आहे, एवढंच पुरलं. आणि शिक्षा भोगून झाली तरी ती संपली नाही, पोरांच्या कपाळी आली. पुढं तीनशे वर्षांनी त्याच पैठणात नाथांनी श्राद्धाचं अन्न अस्पृश्यांना जेवू घातलं, तेव्हा त्यांनाही बहिष्कार सोसावा लागला. आज ज्या दोघांच्या पालख्या खांद्यावर घेतो, ते दोघंही धर्माच्या नावानं दिलेल्या शिक्षेतून गेलेले आहेत. हे सभेत सांगून बघा. लोक शांत होतात.

ग्रंथाची गोष्ट सगळ्या धर्मांना सारखीच लागू आहे. मनुस्मृतीत एकाच गुन्ह्याला वर्ण बघून वेगळी शिक्षा आहे. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ती जाळली त्यामागं हेही होतं. पाकिस्तानात झिया उल हक यांनी १९७९ मध्ये हुदूदचे, म्हणजे धर्मातल्या शिक्षांचे, अध्यादेश आणले, आणि बलात्काराची तक्रार करायला गेलेल्या बायाच व्यभिचाराच्या आरोपात आत गेल्या. २००६ मध्ये तिथल्या संसदेला त्यात दुरुस्ती करावी लागली. आपल्याकडं फतव्याला कायद्याचं बळ नाही, तो कुणावर लादता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये स्पष्ट केलंय. जातपंचायतीनं किंवा गावकीनं कुणाला वाळीत टाकलं, तर आपल्या राज्याच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. उमेदवाराला हेही विचारा: “आंतरजातीय लग्न केलेल्या जोडप्याला गावानं वाळीत टाकलं, तर तुम्ही कुणाच्या बाजूनं पोलीस ठाण्यात याल?”

आणि शेवटी शपथ. विधानसभेचा किंवा लोकसभेचा अर्ज भरताना प्रत्येक उमेदवार संविधानावर खरी श्रद्धा आणि निष्ठा ठेवीन, अशी शपथ घेतो. ईश्वरसाक्ष घेता येते किंवा गांभीर्यपूर्वक दृढकथन करता येतं. ‘देवाचा कायदा, कोर्टाचा नाही’ म्हणणाऱ्यानं बहुतेक देवाचंच नाव घेऊन संविधानाची शपथ घेतलेली असते. ती आठवण त्याला शांतपणे करून द्या.

कागद बघा

फॉर्म २६ म्हणजे उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या फलकावर लागतं, आयोगाच्या संकेतस्थळावरही मिळतं. लोक त्यात फक्त जमीन आणि सोनं वाचतात. तुम्ही गुन्ह्यांचा रकाना वाचा. एफआयआर नंबर, ठाणं, कलमं, आणि कोर्टानं दोषारोप ठेवले का, हे सगळं त्यात लिहावं लागतं. रकाना कोरा ठेवता येत नाही. जुन्या दंडसंहितेतलं १५३-अ म्हणजे नव्या न्याय संहितेतलं १९६, दोन गटांत वैर पेटवणं. जुनं २९५-अ म्हणजे नवं २९९, धार्मिक भावना मुद्दाम दुखावणं. रास्ता रोकोच्या आणि आंदोलनाच्या केसेस वेगळ्या काढा, आमच्याकडं कामाच्या प्रत्येक कार्यकर्त्यावर त्या असतात. आणि दाखल गुन्हा म्हणजे दोष नव्हे. त्या पोराला जो न्याय लावला, तोच उमेदवारालाही लावायचा. १५३-अ खाली शिक्षा झाली असेल, तर मात्र नुसता दंड झाला असला तरी सहा वर्षं निवडणूक लढवता येत नाही.

त्याचं जुनं लिखाणही बघा. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात २०१४ साली विधानसभेला उभ्या राहिलेल्या एका उमेदवारानं आधीच्या वर्षी फेसबुकवर, बायबलचा दाखला देत, समलिंगी माणसांना दगडांनी मारण्याच्या बाजूनं लिहिलं होतं. ते पुढं आलं, पत्रकारानं थेट विचारलं, आणि त्यानं ते नाकारलं नाही. तो हरला. जुनी पोस्ट काढायची ती जाहीरपणे, त्याला उत्तर द्यायची संधी देऊन. गुपचूप फिरवायची नाही.

रेषा ओलांडली तर

धर्माच्या नावानं मत मागणं हे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ (३) खाली भ्रष्ट आचरण आहे. २ जानेवारी २०१७ ला सात न्यायाधीशांच्या पीठानं चार विरुद्ध तीन मतांनी ठरवलं की नुसता उमेदवाराचा नाही, मतदाराचा धर्म पुढं करून मत मागितलं तरी ते यात येतं. मुंबईत विलेपार्ल्याची १९८७ ची पोटनिवडणूक अशाच कारणानं रद्द झाली आणि सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये ते कायम केलं. निवडणुकीत धर्म-जातीवरून वैर पेटवलं तर त्याच कायद्याच्या कलम १२५ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण नुसतं “चोराचे हात तोडू” हे वाक्य १२३ (३) मध्ये बसत नाही, हेही माहीत असू द्या. चुकीच्या कलमाची तक्रार केली की ती निकाली निघते आणि तो माणूस पुढच्या सभेत ते मिरवतो.

देवळात किंवा मशिदीत प्रचार चालला असेल, तर निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिलवर तिथंच उभं राहून फोटो-व्हिडिओ काढा. गॅलरीतला जुना त्यात चढत नाही. शंभर मिनिटांत कारवाईचा नियम आहे. फोनवर मतदारांसाठी १९५० हा नंबर आहे. मला लेखी अर्ज जास्त भरवशाचा वाटतो. निर्णय अधिकाऱ्याकडं दोन प्रती न्यायच्या, एकीवर पोच घ्यायची. विधानसभेचा निकाल लागल्यावर निवडणूक याचिका उच्च न्यायालयात, आपल्याला औरंगाबाद खंडपीठात, पंचेचाळीस दिवसांच्या आत करावी लागते. मतदारालाही करता येते. वहीतली तारीख आणि वेळ तिथं कामाला येते.

घरातल्या माणसांशी

हे सगळ्यात अवघड. तात्यांना कलमं सांगून काही होत नाही. मी त्यांना त्या रात्री घरी सोडताना एवढंच म्हटलं, “तात्या, निकाल उशिरा लागतो हे खरंय. मग याला विचारा ना, लवकर लागायला हा काय करणार?” आमदाराच्या हातात ते आहे. फॉरेन्सिक अहवाल येईपर्यंत केस अडकते, तर प्रयोगशाळेत माणसं वाढवायला पैसा राज्यच देतं. सरकारी वकिलांच्या जागा राज्यच भरतं. कोर्टाच्या इमारतीला मंजुरी तिथूनच येते. हात तोडायची भाषा करणाऱ्यानं यातलं एक तरी आश्वासन दिलंय का?

आमचे आजोबा निजामाच्या काळातल्या रझाकारीची गोष्ट सांगायचे तेव्हा दोन्ही सांगायचे. धर्माचं राज्य टिकवायच्या नावाखाली जाळलेली घरं, आणि १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य संपल्यावर ज्यांनी काही केलं नव्हतं अशा मुसलमान शेजाऱ्यांवर ओढवलेलं मरण. “दोन्ही बाऱ्या कुणी विचारलं नाही, तू केलं का म्हणून,” असं म्हणायचे. ज्यांच्या घरी अशी आठवण आहे, त्यांनी ती पोरांपुढं पूर्ण सांगावी, अर्धी नाही.

पुढच्या सभेत तात्या स्वतः उठले. मी सांगितलं नव्हतं. टोपी काढून हातात धरली आणि म्हणाले, “दादा, माझ्या नातवावर कुणी खोटा आळ घातला, तर हात तोडायच्या आधी त्याचं कोण ऐकून घेणार?” उमेदवार म्हणाला, “आजोबा, तुमच्या नातवावर कोण आळ घालंल?” तात्या खाली बसले नाहीत. तसेच उभे राहिले, उत्तराची वाट बघत.